चौसष्ट संगणकांचा ताबा

"एक काम चौसष्ट जणांनी मिळून केलं आणि ते चुकलं, तर मेमो कोणाला द्यायचा?" हळबेसाहेबांनी मला विचारलं.

मी म्हणालो, ती माणसं नाहीत साहेब, संगणक आहेत. ते म्हणाले, म्हणून तर विचारतोय, संगणकाला मेमो देता येत नाही. एवढं बोलून त्यांनी माझी फाईल बंद केली आणि तिच्यावर पेपरवेट ठेवला.

दत्तात्रय हळबे हे आमच्या ज्वारी संशोधन केंद्राचे प्रशासकीय अधिकारी. केंद्र भूम-परांड्याकडच्या माळावर, सगळ्यात जवळचा एसटी स्टँड अकरा किलोमीटरवर. गोष्ट २००८ सालची. मी तेव्हा सत्तावीस वर्षांचा होतो, पुण्याहून दोन वर्षांच्या करारावर आलो होतो आणि माझं काम कागदावर फार रुबाबदार दिसायचं: 'शास्त्रज्ञांना समांतर संगणन सुलभ करून देणे.' म्हणजे असं की, जे गणित करायला एका संगणकाला महिना-दीड महिना लागतो, त्याचे तुकडे करून ते बऱ्याच संगणकांना एकाच वेळी वाटून दिले तर काम दिवसात उरकतं. केंद्रात एका बंद पडलेल्या प्रशिक्षण वर्गाचे चौसष्ट संगणक धूळ खात पडले होते. मी ते पुसले, वायरींनी एकमेकांना जोडले आणि शास्त्रज्ञांना बोलावून व्याख्यान दिलं.

अकरा शास्त्रज्ञ आले. मृदाशास्त्रज्ञांनी विचारलं की चौसष्ट उत्तरं आली तर त्यांतलं खरं कोणतं धरायचं. कीटकशास्त्रज्ञांना हॉलमध्ये एसी बसणार का, एवढंच विचारायचं होतं. एक ज्येष्ठ गृहस्थ म्हणाले, सेवाज्येष्ठतेनुसार एक नंबरच्या संगणकावर माझंच काम लागलं पाहिजे. पहिला आणि चौसष्टावा सारखेच आहेत असं मी सांगून बसलो. ते दुखावले आणि नंतर कधी हॉलकडे फिरकले नाहीत.

समजलं ते एकट्या गव्हाणेबाईंना. डॉक्टर इंदुमती गव्हाणे, वय सत्तावन्न, मूळच्या वैरागच्या. बोलणं तुटक. दिवसातला निम्मा वेळ शेतात काढत, त्यामुळे त्यांच्या खुर्चीवर कायम दुसऱ्याच कोणाच्या तरी फायली ठेवलेल्या असत.

"म्हणजे खुरपणीला बायका पात धरतात तसं की," त्या म्हणाल्या. "चौसष्ट बायका, प्रत्येकीला अठरा ओळी. सगळ्यांनी एकदम वाकायचं."

मी हो म्हणालो.

"आणि एकीची पात मागे राहिली की बाकीच्यांनी बांधावर बसून तिची वाट बघायची."

तेही बरोबर होतं. माझ्या पुस्तकाने एवढंच सांगायला चाळीस पानं घेतली होती. त्या संध्याकाळी मी माझ्या प्रोग्रामचे सगळे अवघड हुकूम लपवून टाकले आणि पडद्यावर एकच बटण ठेवलं. त्यावर लिहिलं, 'पात लावा'. दोन वर्षांत मी केलेलं सगळ्यात शहाणपणाचं काम तेच.

बाईंना घाई होती, आणि ती खरी होती. गावोगाव फिरून त्यांनी गावरान ज्वारीचे अकराशे बावन्न वाण जमवले होते. नऊ वर्षं विहिरीमागच्या चार एकरांत रब्बीला ते पेरायचे, प्रत्येकाचं पान न् पान मोजायचं, पाऊस किती, ओल किती, कोण तगलं, कोण वाळलं, सगळं लिहून ठेवायचं. यांतला कोणता वाण दुष्काळात खरोखर टिकतो आणि कोणता नुसत्या नशिबाने टिकला, हे काढायला ती सगळी मोजमापं हजारो वेळा उलटसुलट करून तपासावी लागणार होती. एका संगणकावर चव्वेचाळीस दिवस. आणि सोमवारी, पंधरा डिसेंबरला, पुण्यात समितीची बैठक होती. बाईंचा निष्कर्ष त्या दिवशी टेबलावर नसेल तर प्रयोग बंद, चार एकरांवर नांगर आणि त्या जागी अतिथीगृह. त्यातून गेल्या वर्षी बियाण्याच्या शीतपेटीने दगा दिला होता, त्यामुळे जे काही बी शिल्लक होतं ते सगळं यंदा जमिनीत होतं. कणसं भरायला जानेवारी उजाडणार होता. त्याआधी नांगर फिरला तर ते वाण जगात कुठेच उरणार नव्हते.

हे सगळं मी हळबेसाहेबांना कळवळून सांगितलं. त्यांनी दोन दिवस विचार केला आणि कार्यालयीन आदेश काढला.

आदेश असा की, प्रत्येक संगणकाला एक ताबाधारक असेल. शास्त्रज्ञांनी हे आपल्या दर्जाचं काम नाही म्हणून कळवलं, तेव्हा माळी, ड्रायव्हर, कारकून, चौकीदार, कॅन्टीनवाल्या बाई असे मिळून त्रेसष्ट भरले. चौसष्टावा कोणी सापडेना म्हणून साहेबांनी स्वतःचं नाव घातलं. संगणक, त्यावरील माहिती, आणि ती माहिती ज्या वाणांची आहे ते शेतातील वाण, या तिन्हींचा ताबा संबंधिताकडे राहील. संगणक ताबाधारकाच्या समक्षच चालेल. निघालेल्या निष्कर्षावर ताबाधारकाची सही असल्याशिवाय अहवाल पुढे जाणार नाही. रजेवर असताना केलेली सही ग्राह्य नाही. आणि ताबा सोडायचा झाल्यास चौसष्टही जणांनी एकाच दिवशी, एकाच कागदावर, समक्ष सोडावा, म्हणजे मागाहून कोणी 'माझ्याकडे नव्हतंच' म्हणायला नको.

भांडारात विहिरीवरच्या मोटारींच्या स्टार्टरसाठी आणलेल्या लोखंडी पेट्या होत्या. साहेबांनी त्या प्रत्येक टेबलाच्या स्विचवर बसवल्या आणि कुलूप लावून किल्ली ज्याची त्याच्या हातात दिली. संगणकांचा हॉल आता पंपहाऊससारखा दिसायला लागला.

मी डोक्याला हात लावला, पण माणसं मात्र खूश होती. कॅन्टीनच्या शांताबाई कोळेकरांनी बारा नंबरला हळदकुंकू वाहिलं. एका ड्रायव्हरने आपल्या संगणकाला मागून जुना टॉवेल गुंडाळला, थंडीचे दिवस आहेत म्हणून. मग सगळ्यांना आपापल्या अठरा ओळी बघायच्या होत्या. बाई त्यांना शेतात घेऊन गेल्या आणि एकेकाला नेऊन त्याच्या ओळींपाशी उभं केलं. हळबेसाहेबही आले होते. त्यांनी आपल्या ओळी दोनदा मोजल्या, अठरा भरल्या तशी वहीत नोंद केली आणि पिकाकडे न बघता परत गेले.

दहा डिसेंबरला, बुधवारी सकाळी दहा वाजता बाईंनी बटण दाबलं. चौसष्ट संगणक एकदम घरघरले. पलीकडे चौसष्ट माणसं खुर्च्यांवर ताठ बसली होती. काम साधारण सोळा तासांचं होतं, पण एक वाजता जेवणाची सुट्टी झाली तशी सगळ्यांनी आपापलं यंत्र बंद केलं, कुलूप घातलं आणि डबे उघडले. पावणेसहाला पुन्हा तेच. कामाचा कण वाया जाऊ नये एवढी सोय मी प्रोग्राममध्ये केलेली होती म्हणून निभावलं. शुक्रवारी दुपारी त्रेसष्ट तुकडे पुरे झाले.

सदतिसावा झाला नाही. सदतीस नंबरचे ताबाधारक, चौकीदार भानुदास काशीद, गुरुवारपासून भाचीच्या लग्नाला करमाळ्याकडे गेले होते. रजा मंजूर होती, किल्ली खिशात होती.

मी हळबेसाहेबांना म्हणालो, कुलूप तोडू. ते म्हणाले, पंचनामा लागेल. मी म्हणालो, मग तो तुकडा दुसऱ्या संगणकाला द्या. ते म्हणाले, त्याला हस्तांतरण लागेल, आणि हस्तांतरणावर काशिदांची सही लागेल. मी बाहेर आलो आणि कोणालाही न विचारता सदतिसावा तुकडा उरलेल्या त्रेसष्ट संगणकांत वाटून टाकला. पंधरा-सोळा मिनिटांत काम झालं. समांतर संगणनाचं याहून सुंदर उदाहरण मला आयुष्यात पुन्हा मिळालं नाही. आता फक्त सही हवी होती.

शनिवारी मी मोटारसायकल काढली. मागे बाई बसल्या, मांडीवर कागद. लग्नघरी पोचलो तेव्हा हळद चालू होती. भानुदासरावांनी आम्हाला मांडवात नेऊन बसवलं, बुंदी वाढायला लावली, पाहुण्यांना 'आमच्या ऑफिसचे सायेब आन् मॅडम' म्हणून ओळख करून दिली. मग मी कागद पुढे केला. त्यांनी तो बराच वेळ वाचला.

"सायेब, माझं मशीन कुलुपात हाय," ते म्हणाले. "किल्ली ही बगा, करगोट्याला बांधलीय. मग ह्यो कागद कुठनं निघाला?"

मी समजावलं की दुसऱ्या संगणकांनी तेच गणित केलं, उत्तर काडीचंही बदलत नाही. तारीख हवी तर बुधवारची टाका, बुधवारी तुम्ही हजर होता, असंही सुचवलं. आज ते आठवलं की माझे कान तापतात.

"आसंल खरं," ते म्हणाले. "तुमी शिकलेली मान्सं. पर मी बघितलं न्हाई. त्या अठरा वळी माझ्या हायेत. न बघता त्यांच्यावर सही करू, आन् उद्या त्यात खोट निघाली तर?"

मी चिडलो. तुमच्या एका सहीपायी नऊ वर्षांचं काम मातीत जाईल, असं मी मांडवात सगळ्यांदेखत बोललो. भानुदासरावांचा चेहरा उतरला, पण पेन त्यांनी हातात घेतलं नाही. मी बाईंकडे बघितलं. मला वाटलं, त्या तरी काही बोलतील. बाईंनी माझ्या हातातला कागद घेतला, चार घड्या केल्या आणि पिशवीत टाकला.

"न मोजलेल्या ओळीवर मीही कधी सही केली नाही," त्या म्हणाल्या. "चला, उशीर होईल."

आम्ही परत निघालो. परांड्याच्या अलीकडे मला आरशात दिसलं की त्या रडत होत्या. मी गाडी थांबवली नाही.

सोमवारी सकाळी दहाच्या ठोक्याला भानुदास काशीद हजर झाले. कुलूप उघडलं आणि माझी मदत नाकारून, दुसऱ्या यंत्राला हात लावू न देता, त्यांनी आपला तुकडा आपल्याच संगणकावर पुन्हा पहिल्यापासून चालवला. जेवणाची सुट्टी धरून बुधवारी दुपारी तो झाला. उत्तर शेवटच्या आकड्यापर्यंत माझ्या कागदासारखंच होतं. त्यांनी दोन्ही कागद शेजारी ठेवून एकेक आकडा बोटाने जुळवला आणि ठसठशीत सही केली. समितीची बैठक सोमवारीच होऊन गेली होती.

पुण्याचा फॅक्स गुरुवारी आला. आपला अहवाल मिळाला, एकोणतीस वाण टिकाऊ असल्याचं दिसतं, पण निर्णय झालेला आहे. एकतीस डिसेंबरपर्यंत जागा मोकळी करावी, नाहीतर अतिथीगृह दुसऱ्या केंद्राला जाईल. पुण्यात बसणाऱ्या आमच्या संचालकांना अतिथीगृह फार हवं होतं. दुसऱ्या कोणत्याही केंद्राशी त्यांचं पटत नव्हतं.

हळबेसाहेब म्हणाले, शेतातील वाण चौसष्ट जणांच्या ताब्यात आहेत, तेव्हा आधी ताबा सोडवून घ्यावा लागेल. त्यांनी एक लांब कागद तयार केला, चौसष्ट रकाने आखले आणि शुक्रवारी सगळ्यांना बोलावलं. त्रेसष्ट जण आले. एक नंबरचा माळी पोट बिघडल्यामुळे रजेवर होता. साहेबांनी कागद फाडला आणि शनिवारची तारीख घालून नवा आखला. शनिवारी माळी आला, पण दोन नंबरच्या कारकुनाच्या सासूबाई पडल्या. सोमवारी तीन नंबरला ताप होता. मंगळवारी चार नंबरचा दाखल्यासाठी तहसील कचेरीत गेला. पुण्याहून रोज फोन यायचा आणि साहेब रोज खरं तेच सांगायचे की एक कर्मचारी रजेवर आहे.

मला आकडे वाचायची सवय, तरी ध्यानात यायला नाताळ उलटावा लागला. मी मस्टर उघडून बघितलं: एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. मी कॅन्टीनमध्ये गेलो आणि शांताबाईंना विचारलं की हे काय चाललंय.

"काय न्हाई," त्या चहा गाळत म्हणाल्या. "पात लागलीय."

"कोणी लावली?"

"कोन लावनार? भानुदास एकटा तीन दिस न्हवता तर तुमचं समदं अडलं. आमी बघितलं की ते. माझा लंबर बारावा हाय, पर तवर साल सरंल म्हनत्यात."

मी बाईंना सांगितलं. त्यांना माहीत नव्हतं. त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, हे मला सांगायला नको होतंत, आता मला कोणाच्या तोंडाकडे बघता येणार नाही.

तीस तारखेला संचालकांच्याही ध्यानात आलं. संध्याकाळी फॅक्स आला की उद्या कोणाचीही रजा मंजूर करू नये, आणि उपसंचालक स्वतः येत आहेत. हळबेसाहेबांनी नऊ नंबरच्या मुकादमाचा अर्ज त्याच्यासमोर नामंजूर केला. नियमाच्या बाबतीत त्यांना बोट ठेवायला जागा सोडायची सवय नव्हती. मी त्यांच्यावर इतका संतापलो होतो की त्यांना नमस्कारही केला नाही.

एकतीसला सकाळी सगळे आले. बांधावर ट्रॅक्टर उभा होता. उपसंचालक हळबेसाहेबांच्या टेबलाशेजारी घड्याळ काढून बसले होते. एकेक जण आत यायचा, सही करायचा, खाली मान घालून बाहेर जायचा. शांताबाईंनी अंगठा उमटवला आणि तो पदराला पुसत राहिल्या. बाई व्हरांड्यात खांबाला टेकून उभ्या होत्या, आत आल्या नाहीत. सव्वाअकरापर्यंत त्रेसष्ट रकाने भरले आणि कागद हळबेसाहेबांकडे आला.

त्यांनी पेन उघडलं. पहिल्यापासून सगळ्या सह्या तपासल्या, एकोणतीस नंबरची तारीख अस्पष्ट होती ती ठळक करून घेतली. मग खण उघडला, किरकोळ रजेचा छापील अर्ज काढला आणि तो भरायला सुरुवात केली. उपसंचालकांनी विचारलं, हा कोणाचा अर्ज. साहेब म्हणाले, माझा. सव्वीस वर्षांत त्यांनी एकदाही किरकोळ रजा घेतली नव्हती, हे मला मागाहून आस्थापनेच्या कारकुनाने सांगितलं.

"आज कोणाचीही रजा मंजूर होणार नाही," उपसंचालक म्हणाले. "लेखी आदेश आहे."

"करू नका मंजूर," हळबेसाहेब शांतपणे म्हणाले. "नामंजुरीचं पत्र तयार ठेवा. मी कामावर हजर झालो की माझी पोच घेऊन मला द्या."

त्यांनी अर्ज टपालात टाकला, आवक क्रमांक घातला, चष्म्याचं घर खिशात ठेवलं आणि बाहेर पडले. आम्हाला वाटलं, घरी जातील. ते विहिरीकडे वळले. काळे बूट ढेकळांत रुतवत चार एकरांत शिरले आणि आपल्या अठरा ओळींच्या कडेला बांधावर रुमाल पसरून बसले.

उपसंचालक कागद घेऊन त्यांच्यामागे गेले. मी, बाई आणि बाकीची सगळी माणसं त्यांच्या मागे. ऑफिसच्या खिडकीतून दगड मारला तर लागेल एवढ्या अंतरावर साहेब बसले होते, हातात पेन होतं, समोर कागद होता. उपसंचालक म्हणाले, अहो, एक सही करायची आहे. साहेबांनी वर बघितलं.

"मी रजेवर आहे," ते म्हणाले.

उपसंचालकांनी समजावलं, ओरडून बघितलं, पुण्याला फोन लावायला माळाच्या उंचवट्यावर गेले, परत आले. चार वाजता ते जीपमध्ये जाऊन बसले. ट्रॅक्टरवाला ट्रॅक्टरच्या सावलीत झोपून गेला होता. मी मध्येच ऑफिसात जाऊन तो अर्ज काढून वाचला. रजेच्या कारणापुढे हिरव्या शाईत लिहिलं होतं, 'पीक राखणे'.

मी परत आलो तेव्हा बाई त्यांच्याशेजारी बांधावर बसल्या होत्या. दोघांत हातभर अंतर होतं. भरत आलेल्या कणसांवर चिमण्या उतरत होत्या आणि साहेब अधूनमधून हाताने त्यांना हुसकावत होते. ते त्यांना नीट जमत नव्हतं.

"मी माझ्या तुकड्यावर सही केली बाई," थोड्या वेळाने ते म्हणाले, "पण वाचलं नव्हतं. ह्यातलं टिकतं काय?"

"तुमच्या अठरांतला एकच," बाई म्हणाल्या. "अकरावी ओळ."

हळबेसाहेब उठले. कडेपासून बोट दाखवत त्यांनी अकरा ओळी मोजल्या, एकदा चुकले, पुन्हा पहिलीपासून मोजल्या आणि अकराव्या ओळीपाशी जाऊन बसले.